इंजिनांच्या घरी एक दिवस
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी ह्या दिवशी बाहेरगावाहून कोणीतरी विदुषी येतात, चार गोष्टी सांगतात आणि आपण त्या ऐकतो. ह्या वर्षी चिटणीसबाई सकाळी माझ्या दारात आल्या नि म्हणाल्या, "काकू, तुम्ही नुकत्याच दिल्लीला जाऊन आलात, तेव्हा यंदा तुम्हीच बोला." मी म्हटले, "अहो, दिल्लीचे मी काय सांगणार? लाल किल्ला मी बाहेरून पाहिला. कुतुबमिनारापाशी पाय दुखू लागले म्हणून बाकावर बसून राहिले. एकच जागा मी पोटभर पाहिली." त्या म्हणाल्या, "मग तेवढीच सांगा." ती जागा म्हणजे जुन्या आगगाड्यांचे संग्रहालय. तेव्हा आता ऐकणे तुमच्या नशिबी आहे, त्याला माझा इलाज नाही.

तुमच्यापैकी काही जणी मनात म्हणत असतील की, सत्तरी उलटलेल्या बाईला लोखंडाची धुडे पाहून काय करायचे आहे? माझ्या भाचीनेही हेच म्हटले. "मावशी, तिथे लहान मुलांना नेतात!" मी म्हटले, "मग मलाही ने."

कारण असे की मी ह्या गावात सून म्हणून आले ती रेल्वेच्या क्वार्टरमधून आले. माझे वडील वलसाडच्या शेडमध्ये फायरमन होते. फायरमन म्हणजे बंबवाला नव्हे. इंजिनात कोळसा टाकून आग राखणारा, तो फायरमन. ड्रायव्हर उजेडात असतो, लोक त्याला ओळखतात, पोरे त्याला हात करतात. फायरमनकडे कोणी पाहत नाही, कारण तो पाठ करून उभा असतो. आम्ही मुले असताना बाबांविषयी आम्हाला एकच गोष्ट ठाऊक होती, ती म्हणजे ते दिवसा झोपलेले असले की मोठ्याने बोलायचे नाही. रात्री-अपरात्री शेडमधून बोलावणारा माणूस येई, कडी वाजवी, आई उठून डबा भरून देई, आणि बाबा जात. परत कधी येतील त्याचा नेम नसे. आले की डोळे लाल, नाकात काजळी, आणि तोंडाने अक्षर नाही. माझ्या मैत्रिणींचे वडील त्यांना बाजारात नेत, माझे वडील मला "हळू बोल" एवढेच म्हणत. खरे सांगायचे तर मला त्यांचा राग येई. तो राग माझ्याबरोबर लग्नानंतर कैनाडलाही आला.

आता संग्रहालयाकडे वळते. दिल्लीत चाणक्यपुरी नावाची वस्ती आहे, जिथे परदेशांचे वकील राहतात. तिथे दहा एकरांहून मोठ्या मोकळ्या जागेत रूळ घालून त्यांवर ही इंजिने उभी केली आहेत. १ फेब्रुवारी १९७७ रोजी हे संग्रहालय उघडले. आत एक बंद दालनही आहे. त्यात नकाशे, तिकिटे, घड्याळे, आणि १८९४ साली एका मेलगाडीवर धावून गेलेल्या हत्तीची कवटी! नातू त्या कवटीपुढून हलेना. मला मात्र बाहेरची ओढ होती.

प्रथम एक गोष्ट सांगते, म्हणजे पुढचे नीट लागेल. आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केले आहे की १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. चौदा डबे, सुमारे चारशे पाहुणे, एकवीस तोफांची सलामी. ती गाडी तीन इंजिनांनी ओढली. त्यांची नावे साहिब, सिंध आणि सुलतान. मी त्या संग्रहालयात प्रथम ह्या तिघांचीच चौकशी केली, कारण ती आपल्या ठाण्याची. तिघांपैकी एकही उरलेले नाही. ज्यांनी इतिहास घडवला ती तिन्ही गेली आणि मागे नावे राहिली. त्या वेळी ती जपावीत असे कोणाच्या मनात आले नाही, कारण त्या वेळी ती जुनी नव्हती. कामाची वस्तू काम संपले की भंगारात जाते, घरोघरी हीच रीत आहे.

आपल्या डहाणूची गोष्ट थोडी निराळी. आपला रस्ता मुंबईकडून वर गेला नाही. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया नावाच्या कंपनीने काम अंकलेश्वर-सुरतेकडे आधी सुरू केले. तिकडचा पहिला तुकडा १८६० साली चालू झाला, आणि खाड्या, नद्यांवर पूल बांधीत बांधीत १८६४ साली रूळ मुंबईला ग्रँट रोडला पोचले. म्हणजे गाडी आपल्याकडे गुजरातेतून आली असे म्हणायला हरकत नाही. १९५१ च्या नोव्हेंबरात ह्या कंपनीच्या मार्गांची पश्चिम रेल्वे झाली. मुंबईची लोकल डहाणू रोडपर्यंत यायला मात्र २०१३ साल उजाडावे लागले. दिवस कोणता? १६ एप्रिलच! बरोबर एकशेसाठ वर्षांनी. आज आपल्या भागातल्या बाया पहाटेच्या लोकलने भाजीच्या पाट्या आणि चिकूच्या करंड्या घेऊन जातात, त्यांना हे ठाऊक असायला हवे. आपल्याकडच्या वारली चित्रांतसुद्धा आता माणसांच्या रांगेसारखीच डब्यांची रांग दिसते.

तर संग्रहालयात मला आपल्याकडची म्हणावीत अशी इंजिने भेटली. एक माथेरानचे. आपल्यापैकी ज्या माथेरानला गेल्या आहेत त्यांना तो घाट आठवेल. ही दोन फुटी रुळांची गाडी १९०७ साली चालू झाली. मुंबईचे आदमजी पीरभॉय ह्यांनी पैसा घातला, आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन ह्यांनी ती बांधली. वळणे इतकी आवळ की साधे इंजिन तिथे रुळावरून उतरेल. म्हणून जर्मनीतून अशी इंजिने करवून आणली की ज्यांचे टोकाचे आस थोडे इकडेतिकडे सरकतात. गर्दीच्या गल्लीतून डोक्यावर हंडा घेऊन जाणारी बाई कमरेतून जशी वळते, पण हंडा हलत नाही, तसे ते इंजिन वळते. १९८० नंतर लवकरच ह्या घाटातली वाफ संपली. ते इतके लहान आहे की माझ्या नातवाने विचारले, "हे खरे आहे की खेळण्यातले?"

दुसरे आपले म्हणजे विजेचे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याकडे भारतातली पहिली विजेची गाडी धावली. त्यानंतर पुण्याच्या नि इगतपुरीच्या घाटांसाठी जी इंजिने १९२८ च्या सुमारास आली, त्यांतली दोन जातींची इंजिने तिथे आहेत. एकाचे नाव 'सर रॉजर लुम्ले', मुंबईच्या एका गव्हर्नराच्या नावावरून ठेवलेले. दुसऱ्या जातीला रेल्वेतली माणसे 'खेकडा' म्हणत. पुढेमागे दोन लांब नाके, मध्ये घर, आणि चाकांना जोडणारे दांडे असे हलत की खेकडा चालल्याचा भास व्हावा. घाटात वळता यावे म्हणून त्याचे अंग तीन तुकड्यांत आहे. इंग्रज साहेबाने दिलेली नावे वाचायला पाटीजवळ जावे लागते. खेकडा मात्र पाहताक्षणी खेकडाच वाटतो. नाव ठेवावे तर आपल्या लोकांनीच!

पुढे गेले तर एक चमत्कारिकच प्रकार. पतियाळा संस्थानात १९०७ साली एका रुळावर चालणारी गाडी होती. एकच रूळ रस्त्याच्या कडेला. बहुतेक सगळा भार त्या रुळावर, आणि तोल जाऊ नये म्हणून बाजूला एक मोठे चाक, ते साध्या रस्त्यावरून चाललेले. प्रथम ती ओढायला खेचरे लावीत. पुढे बर्लिनहून इंजिने आणली. मोटारी आल्यावर १९२७ साली ती बंद पडली नि लोक विसरून गेले. पुढे १९६२ साली मायकेल सॅटो नावाच्या एका इंग्रज गृहस्थांना ती इंजिने पतियाळ्यातल्या एका सरकारी शेडमध्ये पडलेली सापडली. पस्तीस वर्षे धूळ खात! त्यांतले एक अमृतसरच्या कारखान्यात दुरुस्त होऊन संग्रहालयात आले, आणि आजही त्याला अधूनमधून चालवतात. ह्याच गृहस्थांनी पुढे संग्रहालय उभारायलाही मदत केली. मी त्या इंजिनापाशी बराच वेळ उभी राहिले. का, ते पुढे सांगते.

'फेअरी क्वीन' नावाची म्हातारी मात्र मला भेटली नाही. ती १८५५ साली इंग्लंडात लीड्सला झाली, कलकत्त्याला आली, १९०९ पर्यंत राबली, आणि १९९७ साली पुन्हा रुळावर येऊन दिल्लीहून अलवारला प्रवासी घेऊन गेली. जगातले चालते सर्वांत जुने इंजिन म्हणून तिची नोंद झाली. ती रेवाडीच्या शेडमध्ये असते असे तिथल्या माणसाने सांगितले. असो. एवढ्या वयात पाहुणे येतील तेव्हा घरात असलेच पाहिजे असे काही नाही.

आता मुख्य गोष्ट. बंगाल नागपूर रेल्वेचे एक प्रचंड इंजिन तिथे आहे. गॅरट म्हणतात त्याला. १९२९ च्या सुमारास मँचेस्टरला बनलेले. मध्ये एक बॉयलर, आणि पुढेमागे चाकांचे दोन वेगळे संच, जणू दोन इंजिनांनी मिळून एकच पोट उचललेले. बिहार-ओरिसाकडचा कोळसा नि खनिज ह्याने ओढले. त्याच्या चाकापाशी उभी राहिले तर माझे डोके चाकाच्या वर फारसे जाईना. त्याच्या जवळच्या एका इंजिनाच्या पायऱ्यांशी जाऊन मी आत डोकावले. आणि भगिनींनो, तिथे मला चूल दिसली.

हसू नका. ती चूलच आहे. फायरबॉक्सचे दार म्हणजे चुलीचे तोंड. आत जाळीवर विस्तव, खाली राख पडायची जागा. विस्तवाची धग अनेक नळ्यांतून जाते, नळ्यांभोवती पाणी, पाण्याची वाफ, आणि ती वाफ सिलिंडरात दट्ट्या ढकलते, दट्ट्या दांडा ढकलतो, दांडा चाक फिरवतो. काम झालेली वाफ धुराड्यातून वर फेकली जाते, तोच आपण ऐकलेला भक-भक आवाज. ती वर जाताना आगीलाही ओढून घेते. आपल्याला फुंकणी तोंडाने फुंकावी लागते, इंजिन आपली आग आपणच फुंकते. जितके ओझे जास्त, तितकी फुंकर मोठी, तितका कोळसा लवकर खलास. म्हणून चढ आला की फायरमनची धांदल.

आता ज्यांनी चूल पेटवली आहे त्यांना मी काय सांगते ते कळेल. ज्यांच्या घरी पहिल्यापासून गॅसच आहे त्यांनी सासूला विचारावे. आपण एकदम चार लाकडे कोंबली तर काय होते? धूर होतो, आग दडपते. फायरमनलाही तेच. एकदम फावडेच्या फावडे टाकले की काळा धूर, वाफ पडते, ड्रायव्हर ओरडतो. थोडे थोडे, पुन्हा पुन्हा, जाळीवर जिथे विस्तव पातळ झाला असेल तिथेच टाकायचे. तेही हलत्या जमिनीवर उभे राहून, दार उघडून झटकन टाकायचे नि झटकन मिटायचे, कारण दार उघडे राहिले की थंड वारा आत जातो. तोंडापुढे भट्टी, आणि पाठीला पावसाळ्यात पावसाचा मारा. पुन्हा एक डोळा पाण्याच्या काचेच्या नळीवर. भट्टीच्या माथ्यावर पाणी नेहमी असलेच पाहिजे. ते खाली गेले तर माथा तापून मऊ पडतो, आणि फुटला तर माणसे वाचत नाहीत. म्हणून त्या माथ्यात शिशाचे एक बूच बसवलेले असते. पाणी उतरले की ते वितळते आणि वाफ सुटून आग विझवू पाहते. पण बूच वितळणे ही फायरमनची नाचक्की. असे तासन् तास. आणि हे सगळे मी माझ्या घरी आयुष्यभर केले होते, डाळीकडे लक्ष, भाकरीकडे लक्ष, विस्तवाकडे लक्ष, आणि तरीही वडिलांचे काम काय होते हे मला वयाच्या बाहत्तराव्या वर्षी दिल्लीत कळले.

बाबा आमच्या घरात चुलीपाशी कधी बसत नसत. थंडीच्या दिवसांत आम्ही सगळी चुलीभोवती, आणि ते उंबऱ्याबाहेर खाटेवर. आई म्हणे, "या ना आत." ते म्हणत, "मला नको." मी समजत होते की त्यांना आमची संगत नको. त्या पायरीशी उभी असताना मला ते 'नको' कळले. भाची विचारीत होती, "मावशी, ऊन लागले का?" मी म्हटले, "हो, ऊन लागले."

बाबांना ड्रायव्हर व्हायचे होते. फायरमन पुढे शंटर होई, मग मालगाडीचा ड्रायव्हर, मग मेलचा. पण त्यांचे डोळे अधू झाले, परीक्षेत उतरले नाहीत, आणि शेडमध्येच हलके काम घ्यावे लागले. पुढे ह्या मार्गावर वीज आली, वाफेची इंजिने एकेक करून निघाली. १९७० साली चित्तरंजनच्या कारखान्यात मोठ्या रुळांचे शेवटचे वाफेचे इंजिन झाले, त्याचे नावच 'अंतिम सितारा' ठेवले होते. १९९५ च्या डिसेंबरात मोठ्या रुळांवरची वाफेची नेहमीची वाहतूक देशभर संपली. बाबा तोवर राहिले नव्हते.

आणि आता ती गोष्ट, जिच्यामुळे मी त्या पतियाळ्याच्या इंजिनापाशी उभी राहिले. बाबांची एक लोखंडी ट्रंक होती. आई गेल्यावर ती माझ्याकडे कैनाडला आली. तिच्यात त्यांचा हातकंदील होता, लाल-हिरव्या काचेचा, एक जाड डगला होता, आणि बोटे जळू नयेत म्हणून वापरायचे कातड्याचे एक जीर्ण फडके. घर दुरुस्तीला काढले तेव्हा जागा अडते म्हणून मी ते सारे भंगारवाल्याला दिले. किती पैसे आले ते आठवत नाही. आले त्यातून एक पातेले घेतले एवढे आठवते. मास्तर म्हणाले होते, "कंदील तरी ठेव." मी म्हटले, "रॉकेल कुठे मिळते आता?"

त्या दालनात काचेच्या कपाटात तसाच कंदील आहे. अगदी तसाच असे म्हणणार नाही, कडी निराळी होती. खाली चिठ्ठी लावली आहे. मी ती दोनदा वाचली.

एक गाऱ्हाणेही सांगते, कोणावर ठपका म्हणून नव्हे. वलसाडच्या शेडमध्ये मी लहानपणी बाया पाहिल्या आहेत. डोक्यावर कोळशाच्या पाट्या घेऊन चढत, पोर झाडाखाली झोळीत टांगलेले. बाबांच्या फावड्यापर्यंत कोळसा पोचे तो त्यांच्या डोक्यावरून. संग्रहालयात महाराजांचे डबे आहेत, म्हैसूरकरांचा आहे, १८७५ साली राजपुत्र आला त्याच्यासाठी केलेला आहे, सगळे सुंदर आहेत, पाहावेत. पण पाटीवाली बाई मला कुठे दिसली नाही. कदाचित माझ्याच नजरेतून सुटली असेल, पाय थकले होते.

ज्यांना दिल्ली दूर वाटते त्यांनी नागपूरला जावे. तिथे मोतीबागेत अडीच फुटी रुळांच्या गाड्यांचे संग्रहालय आहे, २००२ साली उघडलेले. पुण्याला कोथरुडात जोशी कुटुंबाने लहान लहान चालत्या गाड्यांचे संग्रहालय केले आहे, ते मुलांना फारच आवडते. नेरळला उतरलात तर माथेरानच्या गाडीची चौकशी करा. मंडळाची सहल ह्यांपैकी एखाद्या ठिकाणी काढावी असे मी कार्यकारिणीला लेखी कळवले आहे. वर्गणीचा प्रश्न निघेल, तो आज नको.

चिटणीसबाई घड्याळाकडे पाहत आहेत. तेव्हा शेवटचे एवढेच, की दिल्लीहून आल्यावर मी माळा उपसला. ट्रंक गेली, पण आई बाबांना ज्यात भाकरी देई तो पितळी डबा सापडला. इतकी वर्षे त्यात मी सुपाऱ्या ठेवीत होते. दोन पुड्यांचा आहे, खालची पुडी एका अंगाने चेपली आहे आणि तळ काळा पडला आहे. तो काळेपणा चुलीचा नाही. बाबा डबा गरम राहावा म्हणून फावड्यावर ठेवून भट्टीच्या दारापाशी धरीत असे आईने एकदा सांगितले होते, तेव्हा मी लक्ष दिले नव्हते. चिंच लावून घासावा असे सुनेने सुचवले, मी घासू दिला नाही. तो मी आज आणला आहे, तिकडे तिळगुळाच्या ताटाशेजारी टेबलावर ठेवला आहे. हातात घेऊन पाहा. झाकण घट्ट बसते, ते जरा डावीकडे फिरवून उघडावे लागते.